कवळाण्याचा गोपाळ

हॉलंडात १६५० साली जन्मलेला विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. ते वाचताना मला नेहमी आपला कवळाण्याचा गोपाळ आठवतो. नाशिककडच्या शेतकरी घरातला पोरगा! १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना बडोद्याच्या गादीवरून काढले आणि २७ मे रोजी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. तेच सयाजीराव गायकवाड.

विल्यमपाशी निदान फौज होती हो. याला तर धड लिहिता-वाचता येत नव्हते. लोक म्हणतात, नशीब! मला ते पटत नाही. नशिबाने गादी दिली असेल, पण राजा घडवला तो इलियटसाहेब आणि दिवाण टी. माधवराव यांच्या शिकवण्याने. डिसेंबर १८८१ मध्ये कारभार हाती आला. पुढे १९०६ साली त्यांनीच संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

वर्गात हे मी रंगवून सांगत असे. आणि इकडे वाशीमजवळच्या खेड्यात एक बाप आपल्या बारा वर्षांच्या गुराखी पोराला पहिलीत घालायला घेऊन आला, तेव्हा "आता वय गेलं, बापू" म्हणून परत पाठवणारा मास्तर मीच. पोरगा दाराशी उभा राहून फळ्याकडे बघत होता. त्याचे नावसुद्धा मी विचारले नाही.