गोल्फला शिव्या घालून आपलं मैदान परत मिळणार नाही

आपल्याच तालुक्यातला, आता पुण्यात कंपनीत असलेला एक मित्र. त्याने मागच्या आठवड्यात फोटो टाकले. वर्षभराच्या सुट्ट्या साठवून, दर सुट्टीला नवा गोल्फ कोर्स. येरवड्याचा झाला, बावधनच्या पलीकडच्या डोंगरातला झाला, खारघरचा झाला. प्रत्येक ठिकाणी काय वेगळं होतं, कुठं तळं आडवं येतं, कुठं वारा त्रास देतो, असं त्याने मनापासून लिहिलं होतं.

खाली कमेंट काय? "पैसा बोलतोय." "इकडं शेतकरी मरतोय आन् तुम्ही काठीने गोट्या मारा." "राहात्याला कधी आणताय गोल्फ?" वर हसणारे चेहरे.

मी गोल्फ खेळत नाही. काठी हातात धरलेली नाही. तरीही त्या कमेंट वाचून राग आला, आणि तो का आला ते लिहितोय. पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

पहिला मुद्दा. सुट्टीच्या दिवशी नवनवीन मैदानं धुंडाळून खेळणं ही श्रीमंतांची चैन नाही. हे आपण सगळ्यांनी केलंय. आमच्या धंद्यात हक्काची सुट्टी म्हणजे पेपर निघत नाही ते वर्षातले मोजके दिवस. त्या दिवशी आम्ही चार-दोन वार्ताहर, एक कंपाउंडर, दोन शिक्षक आणि एक खताचा दुकानदार अशी चाळिशीपारची टीम काढायचो. टेनिस बॉल, दोन बॅटी, तीन मोटारसायकली. आज अस्तगाव, पुढच्या वेळी केलवड, मग वाकडी, चितळी, पुणतांबा. ज्या गावात ओळखीचं कोणी असेल त्या गावात मॅच.

आणि राव, एक मैदान दुसऱ्यासारखं नव्हतं. एका ठिकाणी मिडविकेटला विहीर, तिकडं बॉल गेला की आऊट आणि बॉलचे पैसे वेगळे. एका ठिकाणी पिचच्या मधून पायवाट, त्यामुळे म्हातारी गवताचा भारा घेऊन आली की ओव्हर थांबायची. कुठं लिंबाच्या झाडाला लागून बॉल खाली आला तर दोनच रन. पाहुण्या टीमला हे नियम टॉसच्या आधी समजावून सांगायचे, कारण भांडणं तिथंच व्हायची. जुने पैलवान हंगामात या गावच्या यात्रेतून त्या गावच्या यात्रेत जायचे, हगाम्यात नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत खेळायचे, तेही हेच. गावोगावची माती वेगळी, प्रेक्षक वेगळा, पंच वेगळा. माझा मित्र गोल्फमध्ये जे शोधतोय ते आपल्याला फुकट मिळत होतं.

मिळत होतं. भूतकाळ मुद्दाम वापरलाय.

वर जी मैदानं सांगितली तशी दहा-बारा आमच्या पायाखालची होती. त्यातल्या किती ठिकाणी आज अचानक जाऊन मॅच लावता येईल, हे मी या महिन्यात फिरून पाहिलं. तीन. बाकीच्यांपैकी कुठं प्लॉटिंग पडलं, कुठं तारेचं कुंपण, कुठं मंगल कार्यालयाचं पार्किंग. एका शिक्षण संस्थेच्या मैदानावर आम्ही वीस वर्षं खेळलो, आता गेटला कुलूप आणि वॉचमन म्हणतो, "साहेबांचं पत्र आणा." कोणत्या साहेबाचं, ते त्यालाही माहीत नाही. त्याच वेळी हायवेच्या कडेला जाळ्या बांधलेले टर्फ उभे राहिले. एका ठिकाणी ताशी सातशे रुपये मोजून खेळलो. तास संपला की लाईट बंद. शेवटच्या ओव्हरला चार बॉल बाकी होते.

टर्फवाल्यावर माझा राग नाही. त्याने कर्ज काढलंय, त्याचा धंदा आहे. पण गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या पोराने सातशे रुपये कुठून आणायचे? त्याची रोजंदारी तेवढी नाही. त्याला सुट्टी असते, खेळायची हौस असते, जागा नसते. मग तो काय करतो? पुलावर बसतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्यालाही आपण 'आजची पिढी' म्हणून शिव्या घालतो.

आता दुसरा मुद्दा, आणि इथं गोल्फ आपल्या उपयोगाचा आहे.

गोल्फचं मूळ गाव म्हणतात ते स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. जगभरचे गोल्फवाले आयुष्यात एकदा तिथं खेळायचं म्हणून पैसे साठवतात. तो कोर्स म्हणजे मुळात काय होतं? समुद्रकाठची रेताड, पडीक, गावाच्या सामायिक वापराची जमीन. तिथं मेंढरं चरायची. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरान. 1552 सालच्या सनदेत तिथल्या आर्चबिशपने लिहून दिलं की या जमिनीवर खेळायचा हक्क गावकऱ्यांचा आहे.

पुढं काय झालं ते ऐका, आपल्या तालुक्याचीच गोष्ट वाटेल. 1797 मध्ये नगर परिषदेचं दिवाळं निघालं आणि तिने जमीन विकली. पुढे ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी तिथं ससे पाळले, सशांनी मैदानभर बिळं केली. गाव कोर्टात गेलं. वीस-एक वर्षं भांडण चाललं. 1821 मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. 1894 मध्ये कायदा करून जमीन पुन्हा गावाच्या मालकीची झाली. 1974 पासून कायद्यानेच नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. आजही जुना कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर. त्या दिवशी गावातले लोक तिथं फिरतात, पोरं पळतात, कुत्री फिरवतात. बाहेरून आलेल्याकडून दणकून पैसे घेतात, गावकऱ्याला स्वस्तात वर्षाचा पास. खेळायला नंबर लावायचा तर सोडत निघते.

म्हणजे ज्या खेळाला आपण साहेबाचा खेळ म्हणतो तो जन्मला गायरानावर, आणि टिकला कारण गावाने गायरान सोडलं नाही.

आपल्याकडं तो आला मात्र वेगळ्या वाटेने. 1829 मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला. ब्रिटनच्या बाहेरचा तो सगळ्यात जुना. नंतर मुंबई, पुणे, छावण्या. खेळ आला, त्यातला गावकऱ्याचा हक्क बोटीतून उतरलाच नाही. आली ती मेंबरशिप, पोशाखाचे नियम आणि गेटवरचा माणूस. सामान्य माणूस आत जायचा तो पिशवी उचलायला, कॅडी म्हणून. त्यातूनही दिल्लीच्या क्लबातला कॅडी अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला, 1993 मध्ये पुन्हा जिंकला. म्हणजे हुन्नर कुंपणाबाहेरही होता. त्याला आत शिरायला दुसऱ्याच्या पिशवीचं ओझं लागलं.

साहेब गेला, कुंपण राहिलं. 2011 मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. लष्कराच्या जमिनीवर 97 गोल्फ कोर्स, आठ हजार एकरांहून जास्त जागा. कागदावर नाव पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र. लष्कराबाहेरच्या लोकांनाही पैसे घेऊन सभासद केलेलं, आणि ते पैसे सरकारी खात्यात जमा नाहीत, हा कॅगचा आक्षेप होता. सैनिकाने खेळू नये असं कोणी म्हणत नाही. त्याने खेळावंच. प्रश्न आठ हजार एकर सार्वजनिक जमिनीचा हिशेब कोण देणार, हा आहे.

आता नाशिकला या. तिथं रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो. उतरल्यावर गोल्फ दिसत नाही. जॉगिंग ट्रॅकवर चालणारे आजी-आजोबा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, मध्ये क्रिकेट. रणजीचे सामने झालेत तिथं. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या अनंत कान्हेरेंनी 21 डिसेंबर 1909 ला कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली आणि 1910 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले, त्यांचं नाव. लोकांच्या तोंडात अजून गोल्फ क्लबच आहे, पण पाय मात्र सगळ्यांचे लागतात. गोल्फच्या नावाची जागा लोकांची कशी होते ते शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात दिसतं, परदेशात जायला नको.

आणि खारघर. सिडकोने डोंगराच्या पायथ्याशी कोर्स बांधला, मेंबर नसलेल्यानेही पैसे भरून खेळावं म्हणून. फी आपल्या खिशाबाहेरची असेल, पण निदान "तुम्ही कोणाचे कोण?" असं गेटवर विचारत नाहीत.

कोणी म्हणेल, मग राहात्याला गोल्फ कोर्स मागताय का? नाही. अठरा होलच्या कोर्सला शंभर-सव्वाशे एकर लागतात आणि गवत हिरवं ठेवायला रोज पाणी. ब्रिटिश काळातल्या गोदावरी कालव्याच्या एका आवर्तनासाठी आपण मोर्चे काढतो, जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की कोर्टात जातो. तिथं गोल्फ मागणारा वेडाच. मी मागतोय ते गोल्फच्या जन्मगावाने जपलं ते. गावाची जागा गावाच्या नावावर, आणि तिथं सुट्टीच्या दिवशी कोणालाही न विचारता खेळता येणं.

जागाच नाही म्हणू नका. जागा कागदावर आहे. तीन ठिकाणी शोधा.

एक, गायरान. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 मध्ये सरकारी जमीन गुरचरण, बाजार, गावठाण अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवता येते. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना करा. भूमिहीन गरिबाच्या झोपडीवर नांगर फिरवा असं मी म्हणत नाही, त्या निकालातही अपवाद ठेवलेत. पण गायरानावर ट्रॅक्टरचं शेड आणि ऊस कोणाचा आहे, हे प्रत्येक गावाला पाठ आहे.

दोन, एनए प्लॉटिंगमधली ओपन स्पेस. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा लेआउट असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडायची, असा विकास नियंत्रण नियम आहे. आपल्याकडं हायवेला, शिर्डीच्या रस्त्याला गेल्या वीस वर्षांत किती लेआउट पडले ते मोजा. त्या प्रत्येकाच्या नकाशावर हिरवा चौकोन आहे. जागेवर जाऊन बघा, तो चौकोन कुठं गेला? कुठं सभामंडप, कुठं कोणाचा गोठा, कुठं तर चक्क आणखी एक प्लॉट.

तीन, शाळा-कॉलेजांची मैदानं. ही मैदानं दाखवून मान्यता मिळते, अनुदान मिळतं. मग संध्याकाळी पाच ते सात आणि सुट्टीच्या दिवशी ती गावाला का उघडत नाहीत? नुकसान होईल म्हणे. मातीचं काय नुकसान होतं?

या तिन्हीवर आपण कधी आंदोलन केलं का? नाही. पुढाऱ्याने स्वतःच्या नावाचा चषक भरवला, स्पीकर लावला, पहिलं बक्षीस लाखाचं ठेवलं की आपण खूष. चार दिवस मैदान तयार होतं, पाणी मारलं जातं, मंडप पडतो. पाचव्या दिवशी खड्डे आणि पाण्याच्या बाटल्या. मी पत्रकार आहे, अशा चषकांच्या बातम्या मी शेकड्यांनी लिहिल्यात. मैदान कोणाच्या नावावर आहे ही बातमी मात्र कोणी मागत नाही.

पुण्यातल्या मित्रावर तुटून पडणं सोपं आहे. त्याने आपलं काही घेतलेलं नाही. आपलं मैदान ज्यांनी घेतलं ते गावातच आहेत, लग्नात शेजारी बसतात, म्हणून त्यांच्या पोस्टवर आपण हात जोडलेली इमोजी टाकतो.

तर मागण्या अशा. सार्वजनिक जमिनीवरचा कोणताही क्लब असो, गोल्फचा असो नाही तर टेनिसचा, त्याचा भाडेकरार लोकांना बघायला मिळावा आणि आठवड्यातला एक दिवस सगळ्यांसाठी खुला असावा. आपल्या तालुक्यात प्रत्येक ग्रामसभेने खेळाच्या मैदानाचा ठराव करून गट नंबरसह तहसीलदारांकडे द्यावा. राहाता आणि शिर्डीच्या पालिकांनी प्रत्येक लेआउटच्या ओपन स्पेसची यादी फलकावर लावावी. नाही लावली तर माहिती अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात, टर्फच्या एका मिनिटापेक्षा कमी.

पहिला अर्ज मी या सोमवारी टाकतोय. तुम्ही एवढंच करा. तुमच्या गावातलं जे मैदान तुम्ही खेळलात, त्याचं नाव आणि आज तिथं काय आहे ते खाली लिहा. गट नंबर माहीत असेल तर तोही लिहा. कोणाचं नाव घेऊन शिवी नको, जागा सांगा. यादी करून ती अर्जाला जोडतो.