मांडीवरचे यंत्र आणि पाठीवरचे ओझे

“लॅपटॉप कोणता घ्यावा?” हा प्रश्न हल्ली आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा “परीक्षेला काय येईल?” हाही विचारला जात नसेल. आणि त्याचे उत्तर ठरलेले असते, “जो सर्वांत पॉवरफुल असेल तो!” गेल्या वर्षापर्यंत मीही हेच म्हणत होते. आज माझे मत बदलले आहे. ते बदलण्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले. अण्णांचे चार माग आहेत आणि त्यांवर चादरी विणल्या जातात. माझे आजोबा या चादरींची नक्षी काढीत. चौकटींचा कागद पुढ्यात घ्यायचा आणि एकेक घर रंगवीत मोर, कमळ, वेलबुट्टी उभी करायची. रंगवलेले घर म्हणजे ताण्याचा धागा वर, कोरे घर म्हणजे धागा खाली. मग त्या कागदाबरहुकूम जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जात, आणि जेकार्ड ती भोके वाचून नक्षी उठवीत असे.

ही युक्ती फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जेकार्डची. साल १८०४ च्या सुमाराचे. १८३९ मध्ये त्याचीच तसबीर रेशमात विणली गेली, तेव्हा तिला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या! तिची एक प्रत इंग्लंडात चार्ल्स बॅबेजपाशी होती. आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना त्याने मागावरूनच उचलली. म्हणजे नात्याने पाहिले तर माग हा संगणकाचा आजाच लागतो. तेव्हा विणकराच्या घरी लॅपटॉप येणे म्हणजे परका पाहुणा येणे नव्हे. नातवंड घरी परतणे होय.

आजोबांचे काम आता मी संगणकावर करते. पण आजचा व्यापारी नुसत्या नक्षीवर समाधानी नसतो. चादर पलंगावर कशी पडेल, घडीत कशी दिसेल, खिडकीतून आलेल्या उन्हात तिचा रंग कसा खुलेल, हे सारे विणण्याआधी चित्रात दाखवावे लागते. त्यालाच रेंडरिंग म्हणतात. प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटेल आणि कुठे वळेल याचा हिशोब संगणक मांडीत बसतो. त्यासाठी ताकद हवी हे खरेच. ब्लेंडर नावाचे त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते चालवणारे यंत्र मात्र फुकट मिळत नाही.

गेल्या वर्षी मी आतेभावाचा लॅपटॉप मागून घेतला. खेळांसाठी घेतलेला, धिप्पाड, आणि “पॉवरफुल” या शब्दाला सर्वार्थाने शोभणारा. त्याच्यावर एक मोरपंखी चादर रेखाटली. पडद्यावर रंग फिका वाटला, म्हणून मी तो गडद केला. तरी फिका वाटला, पुन्हा गडद केला. पुण्यात व्यापाऱ्याने त्याच पडद्यावर पाहून मान डोलावली. अण्णांनी त्या आकड्यांबरहुकूम सूत रंगवून घेतले आणि दोन डझन चादरी विणल्या. त्या इतक्या भडक निघाल्या की व्यापाऱ्याने घडी उलगडून पुन्हा घातली आणि चहा मागवला. चहा मागवला की समजावे, माल परत जाणार.

दोष व्यापाऱ्याचा नव्हता, रंगाऱ्याचाही नव्हता. त्या लॅपटॉपच्या पोटात ताकद होती, पण त्याचा पडदा स्वस्तातला होता. जाहिरातीत ज्याला “४५ टक्के एनटीएससी” म्हणतात, तो पडदा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंगच दाखवू शकतो. मोरपंखी त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. बिचाऱ्याने जमेल तेवढे दाखवले. मी त्यावर विश्वास ठेवला. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या चादरी आजही आमच्या माळ्यावर आहेत.

म्हणून यंदा आईने भिशीचे पैसे पुढे केले, तेव्हा मी दुकानात जाण्याआधी वही घेऊन बसले. पहिला प्रश्न लिहिला तो हा : प्रवासात मी नेमके काय करते? उत्तर माझे मलाच नवे होते. प्रवासात मी नक्षी दुरुस्त करते आणि चित्रे दाखवते. रेंडरिंग मी प्रवासात करीतच नाही. करता येणारही नाही.

का, ते सांगते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायला सुमारे चार तास लागतात. विमानात परवानगीविना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने बहुतेक मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही त्याच्या आतच असते. रेंडरिंगच्या वेळी यंत्र ९० वॅट वीज खात असेल, तर ९० वॅट-तासांची बॅटरी दौंड येण्याच्या खूप आधी, तासाभरात संपते. शिवाय बॅटरीवर अशी यंत्रे पूर्ण ताकदीने चालतच नाहीत. भिंतीतल्या विजेची चाल त्यांना बॅटरीवर साधत नाही. उरला त्यांचा चार्जर. तो विटेएवढा, कधी दोनशे तर कधी तीनशे वॅटचा. डब्यात मोबाईलसाठी दिलेल्या सॉकेटवर तो लावणे शहाणपणाचे नव्हे. म्हणजे ज्या ताकदीसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती ताकद प्रवासात झोपलेली असते आणि तिचे अडीच-तीन किलोंचे ओझे मात्र आपल्या खांद्यावर जागे असते.

दुसरी गोष्ट आमच्या गावच्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. संगणकाची चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. गारव्याच्या खोलीत, पंचवीस अंशांत, मोजलेला वेग आमच्या पत्र्याखालच्या चाळीस अंशांत मिळेलच असे नाही. त्यातही पातळ देहात मोठी ताकद कोंबलेली असेल तर तिला श्वास घ्यायला जागाच नसते. ग्राफिक्स कार्डाचे नाव तेच असले तरी एका लॅपटॉपमध्ये त्याला ६० वॅट मिळतात, दुसऱ्यात १००. आणि कामात मोठा फरक पडतो. तेव्हा नाव विचारू नका, वॅट विचारा.

येथे माझे मित्र म्हणतील, “मग काय ताकद नकोच?” तसे मी म्हणत नाही. ज्यांना हलती चित्रे करायची आहेत त्यांनी हिशोब मांडून पाहावा. तीस सेकंदांच्या फितीत, सेकंदाला पंचवीस या दराने, ७५० चित्रे. एकेक चित्राला चार मिनिटे धरली तर पन्नास तास! दुप्पट वेगाचे यंत्र त्यांचे पंचवीस तास वाचवते. वास्तुकलेचे विद्यार्थी होस्टेलवर राहतात. दुसरे यंत्र ठेवायला जागा नसते. त्यांनी जड यंत्र घ्यावे, ते त्यांना शोभते. पण मला दिवसाला दोन-तीन स्थिर चित्रे लागतात. बारा मिनिटांऐवजी सहा मिनिटांत चित्र झाले, तर मधल्या सहा मिनिटांत मी काय करणार? चहाच पिणार ना!

शेवटी मी घेतला तो मध्यम ताकदीचा, पावणेदोन किलोंचा लॅपटॉप. पैसे घातले ते आधी पडद्यावर. एसआरजीबीचे पूर्ण रंग दाखवणारा पडदा ही माझी पहिली अट होती. दुसरी अट ही की स्मृती, म्हणजे रॅम, निदान १६ जीबी असावी आणि पुढे वाढवता यावी; काही यंत्रांत ती कायमची चिकटवलेली असते, हे दुकानात विचारल्याशिवाय कळत नाही. तिसरी अट, चार्जर साध्या टाईप-सीचा असावा. मोठे रेंडर मी घरी, रात्री, पंख्याखाली, भिंतीच्या विजेवर लावून झोपते. यंत्राला घाई नसते. घाई आपल्याला असते.

आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात आता एक वस्तू न चुकता असते : रंगवलेल्या सुताच्या लहान लडींची जुडी. ही सूचना अण्णांची. पडदा कितीही चांगला असला तरी तो उजेडाने रंग दाखवतो. सूत स्वतःच्या अंगाने दाखवते. व्यापाऱ्यापुढे चित्र उघडले की मी त्याशेजारी लड ठेवते आणि म्हणते, “रंग हा पाहा.” तेव्हापासून मालाबाबत कोणी मला चहा पाजलेला नाही.

मित्रमैत्रिणींनो, दुकानात सारीच यंत्रे गारव्यात, काचेच्या टेबलावर, विजेला जोडलेली असतात. आपण मात्र त्यांना एसटीत, पत्र्याखाली आणि मांडीवर वागवणार असतो. यंत्राची परीक्षा आपल्या सर्वांत गैरसोयीच्या जागी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे. चादरींच्या गावात राहणाऱ्यांना अंथरूण पाहून पाय पसरायला का शिकवावे लागते, हे मात्र मला अजून उलगडलेले नाही.