रेखाटनाची विद्या आणि आपली मुले

मुलांनी पदवी तरी घ्यावी, नाही तर पेढीवर बसावे, अशी आपल्या समाजात समजूत आहे. आम्हीही तीच बाळगून होतो. धाकट्या बंधूंच्या कन्येने दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा आम्ही नाक मुरडले. तिच्या मातोश्रींच्या आग्रहामुळेच प्रवेश झाला.

पुढे आम्ही नकाशाचा खर्च वाचवून मिस्त्रीच्या तोंडी मापावर गोदाम बांधले. भरलेला ट्रक दारातून आत वळेना! हंगामभर हमालांनी पोती रस्त्यावरून वाहिली. अखेर त्याच मुलीने ट्रकची लांबी व वळण मोजून संगणकावर आराखडा काढला. भिंत पाडून दार सरकविले, आणि गाडी सुखरूप आत आली. वाचविलेल्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम आम्ही घालविली होती.

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून दाखविल्या. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने ही विद्या लहान संगणकांवर आणली. तथापि, तराजू वजन सांगतो, धान्याची पारख करीत नाही. तद्वत यंत्र रेषा काढते, माप मात्र माणसालाच घ्यावे लागते. ते शिकण्यासाठीच शाळा हवी.

आमच्या बेळगावात ओतकामाचे कारखाने आहेत, बांधकामेही चालू असतात. नकाशावाचून दोन्हींचे चालत नाही. म्हणून संघाच्या शिष्यवृत्तीत पदवीबरोबर अशा अभ्यासक्रमांनाही स्थान मिळावे, अशी आमची सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे. आमची चूक इतरांनी करू नये, एवढाच हेतू.