कंपनीच्या आरोग्य तपासणीत हृदयाची जनुकीय चाचणी हवी का?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. आकुर्डी ते चाकण पट्ट्यातील कामगारांसाठी ही चांगली बातमी आहे. पण हृदयविकाराचा धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचण्याही आता बाजारात मिळतात. त्या या तपासणीत सरसकट घ्याव्यात का? माझ्या मते, नको.

सर्वांना का नको?

बहुतेक हार्ट अटॅकमागे एकच सदोष जनुक नसते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल ही मोठी कारणे साध्या तपासणीत कळतात.

शिवाय दोष सापडला म्हणजे आजार झालाच, असे नाही. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकातील बदल सुमारे 4 टक्के भारतीयांत आढळतो, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. या हिशेबाने हजार कामगारांच्या कारखान्यात सुमारे 40 जणांचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येईल. त्यांतल्या अनेकांना आजार कधीच होणार नाही. धास्ती मात्र लागेल.

कोणाला उपयोग?

- वडील किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल
- घरात तरुण व्यक्तीचा अचानक मृत्यू झाला असेल
- एलडीएल कोलेस्टेरॉल 190 च्या वर असेल

अशा वेळी आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. चाचणी शक्यतो आजारी नातेवाइकाची आधी करावी. त्याच्यात नेमका दोष सापडला, तर भावंडांत आणि मुलांत तोच शोधता येतो. बहुतेक अशा आजारांत प्रत्येक मुलात दोष येण्याची शक्यता 50 टक्के असते. ज्याच्यात तो आहे, त्याच्यावर वेळीच उपचार किंवा देखरेख सुरू होते.

रिपोर्ट कोणाकडे?

हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असलेल्या एका विमाधारकाचा दावा 'जनुकीय आजार' म्हणून नाकारला गेला होता. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी सरसकट अट भेदभावाची ठरवली. नोकरीत असा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा अमेरिकेत 2008 पासून आहे, भारतात नाही. म्हणून जनुकीय रिपोर्ट कामगार आणि त्याच्या डॉक्टरांपुरताच राहावा, कंपनीच्या फाइलमध्ये जाऊ नये.

तपासणीला जाताना घरात कोणाला, कोणत्या वयात हृदयविकार झाला ते कागदावर लिहून न्या. चाचणी लागेल का, हे ठरवण्याची सुरुवात तिथूनच होते.