दंडाच्या पावतीचें घर

परराष्ट्रांतील लढाया आणि सामान्य माणसाचें घर यांचा संबंध काय, असें कोणी विचारल्यास आम्ही त्यास उल्हासनगरचा इतिहास सांगूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ सालीं फाळणी होऊन सिंधमधील निर्वासितांचे लोंढे त्याच बराकींत आले. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. या लोकांनीं रिकाम्या हातांनीं येऊन व्यापार उभा केला, ही गोष्ट कोणासही भूषणावहच होय. परंतु तात्पुरत्या निवाऱ्याची जी संवय तेव्हां निरुपायानें लागली, तीच पुढें शहराची रीत होऊन बसली. बराकींच्या जागीं मजल्यांवर मजले चढले. परवानगीचा विचार मागून आला.

२००६ सालीं सरकारनें कायदा करून, दंड घेऊन येथील अनधिकृत बांधकामें नियमित करण्याची वाट मोकळी केली. हजारों बिऱ्हाडें रस्त्यावर येऊं नयेत हा हेतु दयेचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दंडाच्या पावतीनें गंजलेलें लोखंड बळकट होतें काय? २८ मे २०२१ च्या रात्रीं येथील एका इमारतीचे स्लॅब कोसळून सात माणसें मृत्यु पावलीं.

आतां नदीकडे पाहूं. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सुमारें १०५० उतारूंस बाहेर काढावें लागलें. ते सुखरूप घरीं गेले. पण ज्यांचें घरच त्या कांठीं आहे, त्यांनीं कोठें जावें? तापलेली हवा अधिक बाष्प धरते व थोडक्या तासांत फार पाऊस ओतते, हें आतां शास्त्रसिद्ध आहे. मुंबईनें मार्च २०२२ मध्यें आपला हवामान आराखडा प्रसिद्ध केला, तें योग्यच झालें. परंतु मुंबईंत राबून रात्रीं लोकलनें अंबरनाथ-बदलापुरास परतणारा चाकरमानी त्या आराखड्याच्या हद्दीबाहेर निजतो!

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पूररेषा नकाशापुरती न ठेवतां खांब रोवून जमिनीवर दाखवावी. जुन्या इमारतींची तपासणी करून तिचा निकाल दारावर लावावा. आणि तिन्ही शहरांनीं मिळून एकच आराखडा करावा, कारण नदी पालिकांच्या हद्दी ओळखत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांसही एक विनंति आहे. माल पारखल्यावांचून आपण पैसा मोजीत नाहीं. मग घर घेतांना केवळ चौरस फुटाचा भाव पाहून संतुष्ट कां व्हावें?