हिशेब संकटाआधीचा

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांत जमीन हादरली. ४.५ तीव्रतेच्या त्या धक्क्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होते. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळीही काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे परिचित आहेत. अशा धक्क्यांमागून मोठा भूकंप येईलच असे नाही. येणार नाही, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये सौम्य धक्के बसून गेले होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या भाराची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली व हजारो जीव गेले.

त्या प्रसंगाशी आपल्या समाजाचे एक नाव जोडलेले आहे. पुण्यात बांधकाम व्यवसायात यशस्वी झालेल्या शांतिलाल मुथ्था यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी व्यवसायातून निवृत्ती घेऊन १९८५ मध्ये भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. किल्लारीनंतर भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी संघटनेने स्वीकारली. दानाला नियोजनाची जोड मिळाली की काय घडते, याचे हे उदाहरण होय.

आज हेच कार्य स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभे राहिले आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. जिल्ह्याचा आराखडा तयार करून त्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. धोकादायक रसायने हाताळणारे कारखाने, मोठी रुग्णालये, स्वयंसेवी संस्था यांनाही असे नियोजन करणारी माणसे लागतात.

मोंढ्यात वाढलेल्या तरुण-तरुणींना हे काम परके वाटू नये. कोणता माल कोठे व किती आहे, रस्ता बंद पडल्यास गाडी कोणत्या वाटेने न्यावी, कोणाचा शब्द विश्वासाचा, पावसाळ्यापूर्वी गोदामात काय उचलून ठेवावे, हे ते लहानपणापासून पाहत आले आहेत. आराखडाही याच प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवतो. कयाधूला पूर आल्यास कोणते गाव तुटेल, तेथे चालता न येणारे वृद्ध किती, त्यांना कोण आणील? फरक एवढाच, की येथे नफा म्हणजे वाचलेले प्राण. तो कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

शिक्षणाची वाटही खुली आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका घरी राहून करता येते. पुण्याच्या यशदा संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

तरीही व्यवहार स्पष्ट सांगितला पाहिजे. जिल्हा पातळीवरील पदे थोडी व बहुधा कंत्राटी असतात. चालत्या पेढीइतके उत्पन्न आरंभी मिळणार नाही. सणासुदीला, ऐन पावसाळ्यात घराबाहेर राहावे लागेल. म्हणून पेढी एकदम सोडू नये. पदविका करावी, जिल्ह्यातील प्रशिक्षणांत भाग घ्यावा, एखादा पावसाळा स्वयंसेवक म्हणून काम करून मन व प्रकृती तपासावी, वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवावा आणि मगच निर्णय करावा.

वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. मुलाने वा सुनेने ही इच्छा बोलून दाखविली, तर ‘गादी कोण सांभाळणार?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण तो खराच आहे. परंतु त्यापूर्वी आपल्याच दुकानाचा आराखडा त्यांच्याकडून लिहून घ्यावा : वीज कोठून बंद करायची, वह्या व दस्तऐवजांच्या प्रती कोठे आहेत, हमालांनी कोणत्या दाराने बाहेर पडायचे. ते कागद वाचताना आपल्याला त्यांची पात्रता कळेल. आणि त्यांनी पुढे कोणतीही वाट धरली, तरी दुकानातील माणसे अधिक सुरक्षित झालेली असतील.