व्याज, हित आणि स्वारस्य

'इंटरेस्ट' हा इंग्रजी शब्द अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ व्याज. न्यायालयात तोच 'हित' होतो. जनहित याचिकेतले हित ते हेच. राजकारणात त्याचे हितसंबंध होतात आणि कादंबरीपाशी आला की रस. मराठीने एकासाठी चार शब्द योजले याचे आपणांस समाधान वाटते. मला मात्र या वाटणीत काही निसटल्याचा संशय येतो.

लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ 'मध्ये असणे' असे आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चने कर्जावरील नफा निषिद्ध मानला होता. तथापि कर्ज मुदतीत न फिटल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई धनकोला मागता येई. त्या भरपाईला हे नाव पडले आणि त्याच दाराने व्याज प्रतिष्ठित झाले. आपला शब्दही तितका निष्पाप नव्हे. संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त किंवा कपट. व्याजस्तुती हा अलंकार त्याची साक्ष देईल.

'डिसइंटरेस्टेड' या शब्दाचे भाषांतर विद्यार्थी हटकून 'रस नसलेला' असे करतात. न्यायाधीशाला खटल्यात रस हवाच. हितसंबंध तेवढा नको.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास प्रारंभी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहातील कंपनीच्या संचालक मंडळावर होते. ठेवीदारांनी व्याजाचा दर विचारला होता; संचालकांचे 'इंटरेस्ट' कोठे गुंतले आहे, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. कारण 'हितसंबंध' म्हटले की तो आरोप ठरतो. इंग्रजी व्यवहारात हितसंबंध असणे हा गुन्हा नव्हे, तो दडविणे हा दोष. म्हणूनच ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १९७४ साली सभासदांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा ठराव केला.

ती बँक २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. विम्याच्या ५ लाखांवरील रकमेसाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबण्याची पाळी आली. सहकारी बँकांच्या वार्षिक सभांत लाभांशावर तासन्‌तास वाद रंगतात. त्याच सभेत प्रत्येक संचालकाने आपले, आपल्या आप्तांचे आणि आपल्या भागीदारीतील संस्थांचे कर्जदारांशी असलेले संबंध उभे राहून वाचून दाखवावेत, अशी मागणी सभासदांनी यंदापासून करावी. त्याला फार तर अर्धा तास लागेल.